रायफलचे सुटे भाग: काय बघायचं आणि किती मोजायचं

(हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी. बोलण्यातली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसंच्या तसं.)



गेल्या काही महिन्यांत तुमचे जे मेसेज आले त्यातले निम्मे एकाच प्रकारचे होते. "ताई, ही साइट पन्नास हजाराला मिळतेय, घेऊ का?" "ताई, ही बट प्लेट ओरिजिनलसारखीच दिसते आणि निम्म्या किमतीत आहे, चालेल का?" सोबत एक फोटो, बहुतेक वेळा अंधुक. फोटो बघून मी काय सांगणार! म्हणून आज सगळं एकदाच सांगते. दहा मीटर एअर रायफलला लागणारे सुटे भाग घेताना दर्जा कसा ओळखायचा, किंमत योग्य आहे का हे कसं ठरवायचं, आणि कुठे एक रुपयाही वाचवायचा नाही.

नव्या श्रोत्यांसाठी माझी ओळख. मी आधी स्वतः नेमबाजी केली, आणि आता बरीच वर्षं एका जिल्ह्याच्या रेंजवर मुलांना शिकवते आणि त्यांच्या रायफली उघडून दुरुस्त करते. मी काही विकत नाही. कुठल्या दुकानाचं कमिशनही घेत नाही.

[०१:५०] आधी मिलिमीटर, मग रुपये

किमतीचं बोलण्याआधी एक हिशोब डोक्यात पक्का बसवा. हा बसला की पुढचं सगळं सोपं.

आपल्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. पेलेट साडेचार मिलिमीटरचं. पेलेटची कड ठिपक्याला लागली की दहा. म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत असला की दहा मिळाले. आता आपण दशांशात मोजतो, १०.९ पर्यंत. त्यातला प्रत्येक ०.१ म्हणजे पाव मिलिमीटर.

पाव मिलिमीटर! साठ शॉटमध्ये प्रत्येक शॉट पाव मिलिमीटर आत आला तर सहा गुण वाढले. जिल्ह्याच्या आणि राज्याच्या स्पर्धेत सहा गुणांत किती नावं बसतात ते निकालाच्या यादीत बघा.

म्हणून कुठलाही पार्ट समोर आला की पहिला प्रश्न हा विचारायचा: यामुळे माझा शॉट किती मिलिमीटर आत येणार? विकणाऱ्याला हे सांगता येत नसेल, आणि तुम्हालाही मोजता येत नसेल, तर ती वस्तू फक्त छान दिसते. छान दिसण्याचे पैसे द्यायला माझी हरकत नाही, पण मग आईबाबांना तसं सांगून द्या.

[०३:४०] एका मुलीची गोष्ट

आमच्याकडे एका तालुक्याच्या गावातून एक मुलगी येते. नाव सांगत नाही. वडील एसटीत आहेत. तिचे गुण ६०८ च्या आसपास येऊन थांबले होते. दोन महिने हलेनात. कुणीतरी तिच्या वडिलांच्या डोक्यात घातलं की साइट जुनी आहे, बदलल्याशिवाय काही होणार नाही. एक सेकंडहँड साइट अठ्ठावीस हजाराला होती. वडील पतसंस्थेत अर्ज देऊन आले आणि मग मला विचारायला आले. "ताई, साइट बदलली की पोरीचे गुण वाढतील ना?"

मी म्हटलं, "दादा, उद्या सकाळी रायफल घेऊन या. पैसे परवा द्या."

सकाळी आम्ही रायफल व्हाइसमध्ये घट्ट बांधली. तिच्याच पेलेटचे दहा शॉट एकाच ठिकाणी मारले. भोक बाहेरून बाहेर मोजलं तर साडेसात मिलिमीटरच्या वर. मग आमच्याकडच्या तीन वेगळ्या बॅचेस लावून बघितल्या. एका बॅचने सहा मिलिमीटर दिले. साइटला हातही लावला नव्हता. त्या बॅचचे डबे घेतले. खर्च झाला साइटच्या किमतीच्या दहाव्या भागापेक्षा कमी. महिन्याभरात मुलगी ६१२ च्या आसपास आली. अर्ज परत घेतला गेला.

आता यातून "साइटचा काही उपयोग नसतो" असा अर्थ काढू नका. साइटचा उपयोग आहेच, त्यावर येतेच. यातून घ्यायचं एवढंच की आधी मोजा, मग खरेदी करा. मोजायला एक सकाळ लागते. पतसंस्थेचा हप्ता तीन वर्षं चालतो.

[०५:४५] पेलेट: सर्वात स्वस्त आणि सर्वात महाग

पेलेटपासून सुरुवात करू. सुटा भाग म्हणून कुणी पेलेटचा विचार करत नाही, पण जोडीने चालणारी वस्तू तीच आहे. बॅरल आणि पेलेट यांची जोडी जमावी लागते.

रायफलसाठी मॅच पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचं असतं. पिस्तुलवाले बऱ्याचदा ०.४५ चं हलकं वापरतात. डब्यावर हेड साइज लिहिलेला असतो: ४.४९, ४.५०, ४.५१. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा, पण बॅरलला तो कळतो. आरडब्ल्यूएस असो, एच अँड एन असो, जेएसबी असो, "सर्वात चांगलं पेलेट कुठलं?" या प्रश्नाला उत्तर नाही. "तुझ्या बॅरलला सर्वात चांगलं कुठलं?" याला उत्तर आहे, आणि ते व्हाइसवर मिळतं.

तपासायचं कसं?

एक. डबा उघडून स्कर्ट बघा, म्हणजे पेलेटची मागची पातळ कड. वाकलेल्या कडा, शिशाचा चुरा, पांढरट थर दिसला तर तो डबा स्पर्धेसाठी नाही.

दोन. वजन. ओळखीच्या सोनाराकडे जा, त्याच्या काट्यावर वीस पेलेट एकेक करून ठेवा. चांगल्या डब्यात आकडा जवळजवळ हलत नाही. एक ०.५१ आणि दुसरं ०.५५ दाखवत असेल तर डबा सरावाला वापरा.

तीन. व्हाइसवर दहा-दहा शॉटचे निदान तीन ग्रुप. पाच शॉटच्या एका ग्रुपवर विश्वास ठेवू नका. पाच शॉट नशिबानेही जुळतात. दुकानदार फोटोत दाखवतो तो ग्रुप नेहमी त्याच्या सर्वात चांगल्या दिवसाचा असतो.

चार. जुळलेला बॅच नंबर लिहून ठेवा आणि त्याच बॅचचे जमतील तेवढे डबे घ्या. तीच कंपनी, तोच साइज, पण दुसरा बॅच असेल तर पुन्हा तपासावं लागतं.

आता खर्च. दिवसाला ८० शॉट, वर्षाला २०० दिवस, म्हणजे १६ हजार पेलेट. डब्यात ५०० असतात. म्हणजे वर्षाला ३२ डबे. साइट एकदा घेतली की दहा वर्षं जाते, पेलेट दर आठवड्याला संपतं. म्हणून डब्यामागे शंभर रुपये वाचले तर वर्षाला तीन हजार दोनशे वाचतात. चार-पाच जणांनी मिळून एका बॅचचे डबे मागवले तर हे सहज होतं. आणि घरच्या घरी ड्राय फायरिंग करा, ते फुकट आहे.

एक आईसारखी सूचना. पेलेट शिशाचं असतं. शॉट मारून झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापाव नाही, आणि पेलेट तोंडात धरायचं तर अजिबात नाही.

[०९:१०] साइट: डोळ्याने नाही, क्लिकने तपासा

आता मोठा खर्च. मागची डायॉप्टर साइट.

या साइटचं काम दोनच गोष्टी. तुम्ही सांगितलं तेवढंच हलायचं, आणि सांगितलं नाही तेव्हा जागेवर राहायचं. महागड्या साइटचे पैसे या दोन गोष्टींसाठी असतात, रंगासाठी नाही.

तपासणी सोपी आहे. रायफल व्हाइसवर. पाच शॉट मारा. मग वीस क्लिक वर, पाच शॉट. वीस क्लिक उजवीकडे, पाच शॉट. वीस खाली, पाच. वीस डावीकडे, पाच. टार्गेटवर चौकोन तयार झाला पाहिजे, आणि शेवटचे पाच पहिल्या पाचांवर बसले पाहिजेत. बसले नाहीत तर साइटमध्ये प्ले आहे. मेकॅनिकच्या भाषेत आटे सैल आहेत. अशा साइटवर तुम्ही स्पर्धेत दोन क्लिक फिरवता आणि कधी एक लागतो, कधी तीन. मग मुलं स्वतःला दोष देतात, "माझं मन लागत नाही" म्हणतात. मन लागतं, आटे लागत नाहीत!

व्हाइस नसेल तर निदान एवढं करा. नॉब हळूच डावी-उजवीकडे हलवा. क्लिक न होता नॉब फिरतो का? प्रत्येक क्लिक सारखा ऐकू येतो का? साइटचा वरचा भाग दोन बोटांत धरून हलवा. केसभरही हलला तर ठेवून द्या.

आयरिस, म्हणजे डोळ्यासमोरचं लहान-मोठं होणारं भोक. ते उजेडाकडे धरा आणि हळूहळू लहान करत जा. भोक प्रत्येक मापाला गोल राहिलं पाहिजे. स्वस्त आयरिसमध्ये पाती नीट मिटत नाहीत आणि भोक कोनाकोनाचं दिसतं. रोजच्या वापरात आपण साधारण एक ते सव्वा मिलिमीटरवर असतो, म्हणून तिथे खास बघा.

आणि माप! मागची साइट ११ मिलिमीटरच्या रेलवर बसते. पुढच्या टनेलमध्ये मात्र दोन आकार सर्रास मिळतात, १८ आणि २२. १८ च्या टनेलसाठी २२ ची रिंग मागवली तर ती कपाटात राहणार. दर वर्षी दोन-तीन मुलं हे करतात. ऑर्डर देण्याआधी व्हर्नियरने मोजा. व्हर्नियर नसेल तर कुठल्याही लेथवाल्याकडे मिळेल, तो दोन मिनिटांत मोजून देतो.

चांगली साइट खरंच लागते का? लागते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्राच्या रायफलची साइट फायनलच्या आधी पडून तुटली. त्याच्याकडे दुसरी होती, म्हणून तो उभा तरी राहू शकला. तिसऱ्या जागेसाठी शूट-ऑफ झाला, समोरच्याने १०.५ मारले, बिंद्राने १०.०. अर्धा गुण, म्हणजे सव्वा मिलिमीटर. साइट तुटली म्हणून पदक गेलं असं मी म्हणणार नाही, ते कुणीच सिद्ध करू शकत नाही. मला त्यातला दुसरा धडा महत्त्वाचा वाटतो. त्या पातळीचा माणूससुद्धा जोडीला दुसरी साइट ठेवतो. आपल्याला दोन महागड्या साइट परवडणार नाहीत. पण नवी घेतल्यावर जुनी विकू नका. ती झिरो करून, क्लिक मोजून, डब्यात ठेवा.

[१३:०५] बट प्लेट, चीक पीस, वजनं: इथे उद्यमनगर कामाला येतं

आता असा विभाग, जिथे पैसे वाचतात.

बट प्लेटचे स्पेसर, बॅलन्सची वजनं, रेलवरचा हँड स्टॉप. हे सगळं बाहेरून मागवलं की धातूच्या छोट्या तुकड्याला काही हजार रुपये पडतात. यात जादू काही नाही. ॲल्युमिनियम किंवा स्टीलचा तुकडा, अचूक कापलेला, कडा घासलेल्या, भोकाला नीट आटे. कोल्हापूरचं उद्यमनगर, शिरोली, पुण्याकडे भोसरी, इथे गाड्यांचे आणि पंपांचे पार्ट याहून बारीक मापात बनतात. वजनं आणि स्पेसर तिथून करून घ्या. फक्त "असं काहीतरी बनवा" म्हणून सांगू नका. कागदावर चित्र काढा, मापं मिलिमीटरमध्ये लिहा, स्क्रूचा आकार लिहा, आणि जुना पार्ट सोबत न्या.

तयार विकत घेताना काय बघायचं? कडेवरून बोट फिरवा, बर लागता कामा नये. स्क्रू घट्ट करा, मार्करने एक रेघ मारा, दोन दिवस सराव करा, रेघ सरकली का बघा. बट प्लेटवर आकड्यांची पट्टी आहे का बघा. पट्टी असेल तर प्रवासात हलली तरी परत त्याच जागी आणता येते. माझ्या मते बट प्लेटच्या किमतीतला अर्धा भाग या "परत त्याच जागी" साठीच द्यायचा असतो.

आणि नियम! वस्तू उत्तम, किंमत योग्य, पण स्पर्धेत चालत नाही, तर सगळे पैसे वाया. दहा मीटर एअर रायफलमध्ये रायफलचं एकूण वजन साडेपाच किलोच्या आत. बट प्लेटला हुक चालत नाही, तो पन्नास मीटरवाल्यांचा. पाम रेस्ट चालत नाही. स्पिरिट लेव्हल, म्हणजे तो पाण्याचा बुडबुडा, तोही चालत नाही. ऑनलाइन मात्र बुडबुडा लावलेल्या पुढच्या साइट खुशाल विकतात, कारण त्या दुसऱ्या प्रकारांसाठी असतात. टेलिस्कोप तर नाहीच नाही. खरेदीआधी ताजं नियमपुस्तक बघा किंवा प्रशिक्षकाला विचारा. इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर "पण दुकानदार म्हणाला होता" याला काही अर्थ नसतो.

[१६:२०] सिलिंडर: इथे एक रुपयाही वाचवायचा नाही

आता नीट ऐका. गाणं लावलं असेल तर बंद करा.

आपल्या रायफलचा सिलिंडर साधारण २०० बारवर भरतो. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात, म्हणजे त्याच्या नव्वद पट. आणि तो तुमच्या गालापासून हातभर अंतरावर असतो.

सिलिंडरवर उत्पादनाची तारीख कोरलेली असते. मोठ्या कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर चांगला दिसतो, हवा धरतो, चालतो. धोका हाच आहे, की तो शेवटच्या दिवसापर्यंत चांगलाच दिसतो. आंतरराष्ट्रीय नियमातही सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी खेळाडूवर टाकली आहे. क्लबवर नाही, विकणाऱ्यावर नाही.

म्हणून सेकंडहँड रायफल घेताना पहिला फोटो सिलिंडरच्या तारखेचा मागा. "तारीख पुसली गेली" म्हणाला तर सिलिंडरची किंमत शून्य धरा आणि नव्या सिलिंडरची किंमत रायफलच्या किमतीत मिळवा. माझ्याकडे एकदा एक सिलिंडर आला होता, ज्यावर तारीख घासून वरून नवा रंग मारला होता. विकणाऱ्याने "फक्त कॉस्मेटिक" म्हणून सांगितलं होतं. मी तो रिकामा करून मधोमध कापला, म्हणजे पुन्हा कुणाच्या हातात जायला नको.

लेथवर बनवलेला सिलिंडर? नाही. कितीही चांगला कारागीर असो, नाही. वजनं उद्यमनगरात, सिलिंडर कंपनीचाच. भरताना फक्त कोरडी स्वच्छ हवा. ऑक्सिजन कधीच नाही, त्याने स्फोट होतो. आणि दाबाच्या भागाला साधं मशीन ऑइल लावायचं नाही, सिलिकॉन ग्रीस लावायचं.

ओ-रिंगचं विचाराल. कंपनीचा किट महाग वाटतो, आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर तीच दिसणारी रिंग काही रुपयांना मिळते. माझा नियम असा. रिंगची तीन मापं असतात: आतला व्यास, जाडी आणि कडकपणा. पहिली दोन व्हर्नियरने कळतात, तिसरं डोळ्याला दिसत नाही. जास्त दाबासाठी जास्त कडक रिंग लागते. मऊ रिंग फटीत चेपली जाते आणि हवा गळू लागते. म्हणून भरायच्या अडॅप्टरची बाहेरची रिंग कडकपणा विचारून बाजारातून आणली तर चालेल. रेग्युलेटर आणि व्हॉल्व्हच्या आतल्या रिंगा कंपनीच्याच, आणि त्या बसवायच्या जाणकारानेच. रेग्युलेटर बिघडला की प्रत्येक शॉटचा वेग बदलतो, मग टार्गेटवर शॉट वर-खाली होतात आणि तुम्ही श्वासाला दोष देत बसता.

याच ओघात कायद्याचं एक. आपल्याकडे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही. आपली मॅच रायफल साधारण साडेसात-आठ जूलची असते. "पॉवर वाढवणारा किट" म्हणून जे विकतात त्याच्या वाटेला जाऊ नका. मॅचमध्ये त्याचा शून्य उपयोग आहे, आणि मर्यादा ओलांडली तर तुम्ही विनापरवाना शस्त्र बाळगता आहात. पॉइंट टू-टू वाल्यांनो, तुमच्या बॅरल-बोल्टचं काम तर परवानाधारकाकडेच. लेथवाल्या काकांना त्यात गुंतवू नका.

[२०:४०] किंमत: घरापर्यंत पोचल्यावर किती?

आता पैशांचं. परदेशी वेबसाइटवरची किंमत बघून मुलं मला म्हणतात, "आपला डीलर लुटतोय." कधीकधी खरंच जास्त लावतो. पण आधी हिशोब करा. मी उदाहरणासाठी सोपे आकडे घेते. खरे दर खरेदीच्या दिवशी बघून घ्या.

वस्तू ३०० युरोची. युरो १०० रुपये धरू. झाले ३०,०००. कुरिअर ३,०००. एकूण ३३,०००. कस्टम ड्युटी वस्तू आणि कुरिअर मिळून लागते. समजा २० टक्के, म्हणजे ६,६००. झाले ३९,६००. आता जीएसटी, तोही ड्युटी धरून झालेल्या रकमेवर. समजा १८ टक्के, म्हणजे ७,१२८. एकूण ४६,७२८.

तीस हजाराची वस्तू सत्तेचाळीस हजाराला घरी आली. आता डीलर ५२ हजार म्हणत असेल तर पाच हजार कशाचे? बिल, वॉरंटी, आणि बिघडली तर जाऊन भांडायला एक पत्ता. माझ्या मते हे पाच हजार द्यावेत. तो ६५ म्हणत असेल तर हा कागद त्याच्यासमोर ठेवा आणि शांतपणे विचारा, "उरलेले कशाचे?" मी असे दर खाली आलेले बघितले आहेत. आवाज चढवावा लागत नाही, कागद पुरतो.

सेकंडहँडचा हिशोब वेगळा. तीन गोष्टी मागा. मूळ बिल, नंबर स्पष्ट दिसेल असा फोटो, आणि वस्तू चालवून दाखवणारा व्हिडिओ. साइट असेल तर नॉब फिरवतानाचा आवाज ऐकू आला पाहिजे. स्क्रूची डोकी बघा. एलन कीचं भोक गोल झालं असेल तर ती वस्तू अनेकदा आणि घाईत उघडली गेली आहे. "आज रात्रीपर्यंतच" म्हणणाऱ्याला उद्या सकाळी फोन करा. बहुतेक वेळा वस्तू तिथेच असते.

[२३:५०] मग क्रम काय लावायचा?

हातात मोजके पैसे आहेत असं धरून सांगते.

सर्वात आधी सुरक्षितता. सिलिंडर मुदतीत आहे का. नसेल तर बाकी सगळी खरेदी थांबवा. मग पेलेटची जुळवणी. मग तुमच्या अंगाला बसणारं जॅकेट, त्यावर वेगळा भाग करू. मग बट प्लेट आणि चीक पीस तुमच्या शरीराप्रमाणे बसवणं. यात बऱ्याचदा नवीन काही घ्यावं लागत नाही, असलेलंच नीट लावायचं असतं. आणि मग साइट, तीही आधीची साइट चौकोनाच्या परीक्षेत नापास झाली तर.

सोबत एक छोटा डबा करा. एलन कीचा सेट, दोन-चार ओ-रिंगा, जास्तीचे स्क्रू, एक जास्तीची पुढची रिंग, सिलिकॉन ग्रीस. एवढ्या डब्याला फार पैसे लागत नाहीत. टोकियोमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर पात्रता फेरीच्या मधेच तुटला होता. दुरुस्तीत तिची मोलाची मिनिटं गेली. तिने ५७५ मारले, बारावी आली, आणि फायनल दोन गुणांनी गेली. तीच मुलगी पॅरिसहून दोन पदकं घेऊन आली हे आपण सगळ्यांनी बघितलं. पार्ट तुटतात, सर्वात भारी वस्तूचेही. प्रश्न एवढाच की तुटला तेव्हा तुमच्या डब्यात काय आहे.

आणि आईबाबा ऐकत असतील तर त्यांना दोन शब्द. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हापासून आमच्या रेंजवर गावागावातून मुलं येतायत. मला त्याचा फार आनंद आहे. पण पोरीला चांगली साइट दिली नाही म्हणून आपण कमी पडलो, असं मनात आणू नका. विकणारे नेमकं तिथेच बोट ठेवतात. कर्ज काढायच्या आधी एक सकाळ रेंजवर द्या, रायफल व्हाइसला बांधायला सांगा, आणि मुलांसोबत तुम्हीही ते भोक मोजा. आकडा समोर आला की निर्णय सोपा होतो, आणि घरात त्यावरून भांडणही होत नाही.

तर आजचं एवढंच. आता एक गृहपाठ. या रविवारी तुमच्या सिलिंडरची तारीख बघा आणि मला फक्त वर्ष लिहून पाठवा. ज्यांची मुदत संपली असेल त्यांना मी स्वतः उत्तर देईन. साइटचे फोटो पाठवणार असाल तर उजेडात काढा, आणि क्लिकचा व्हिडिओ जोडा. पुढच्या भागात जॅकेट आणि पँट: नवं शिवायचं, जुनं घ्यायचं, की असलेलं दुरुस्त करायचं.

भेटू. हात धुवा, आणि मग खा.